म्हैसूरचा पाहुणचार : रेसिडेन्सीपासून हिनकलच्या रिसॉर्टपर्यंत

महाराष्ट्रातून मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर निघणाऱ्या बंगळूर-म्हैसूर-उटी सहलींचा कार्यक्रम गेल्या दोन-तीन पिढ्यांत फारसा बदललेला नाही. चामुंडीचं दर्शन, राजवाडा, प्राणिसंग्रहालय, श्रीरंगपट्टण, संध्याकाळी वृंदावन बागेतली कारंजी आणि मग उटीचा घाट. बदलला आहे तो मुक्काम. पूर्वी तो स्टेशनजवळच्या धन्वंतरी रस्त्यावरच्या एखाद्या लॉजमध्ये असे. आता पुष्कळ कुटुंबांना गाव ओलांडून पश्चिमेला, हुणसूर रस्त्यावर हिनकलच्या बाजूला जावंसं वाटतं. तिकडे फाटकाच्या आत हिरवळ असते, पोहण्याचा तलाव असतो, मुलांना झोके-घसरगुंड्या आणि आजी-आजोबांना बसायला सावली असते. अशा रिसॉर्टबद्दल एक समजूत पक्की आहे : राजवाडा म्हणजे म्हैसूरचा इतिहास आणि रिसॉर्ट म्हणजे इतिहास पाहून दमल्यावर पाठ टेकायची जागा. त्याला स्वतःचा भूतकाळ नाही, ते माहिती-तंत्रज्ञानाच्या पैशाचं आणि रुंद झालेल्या महामार्गाचं अपत्य आहे. ही समजूत अपुरी आहे, असं मला वाटतं. शहराबाहेर, पुरेशा अंतरावर, बागेच्या मधोमध पाहुण्याला उतरवणं ही म्हैसूरची दोनशे वर्षांची रीत आहे. ती केवळ शिष्टाचारातून आली नाही. हातातली सत्ता गेल्यावर या शहराने पाहुणचारालाच आपलं राजकारण केलं आणि नंतर उपजीविका केली. हिनकलचं रिसॉर्ट त्या साखळीतला आजचा दुवा आहे.

सुरुवात 1799 पासून करावी लागते, कारण आज आपण पाहतो ते म्हैसूर शहर त्या वर्षानंतरचं आहे. त्याआधी राज्याचं सारं बळ श्रीरंगपट्टणात होतं. मराठी फौजांनाही हा मुलूख चांगला माहीत होता. 1771 मध्ये मेलकोट्याजवळ मोती तलावापाशी त्रिंबकराव पेठ्यांनी हैदरचा मोठा पराभव केला. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणाला वेढा पडला त्या मोहिमेत इंग्रज आणि निजाम यांच्याबरोबर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. या सगळ्या धामधुमीत खुद्द म्हैसूर गाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. टिपूने जुनं गाव आणि कोट पाडला आणि त्याच्या पूर्वेला नझरबाद नावाचं नवं ठाणं उभारायला घेतलं. 4 मे 1799 ला टिपू पडला. इंग्रजांनी वडियार घराण्यातल्या पाच वर्षांच्याही आतल्या मुलाला, तिसऱ्या कृष्णराजाला, 30 जूनला गादीवर बसवलं. तेव्हा बसवायला धड राजवाडाही नव्हता. नझरबादचे दगड उचलून आणून जुना कोट पुन्हा बांधायला घेतला गेला. कारभार पूर्णय्यांकडे आला. ते माध्व ब्राह्मण होते, आधी टिपूचे मंत्री होते, आणि त्यांच्या दप्तरात कन्नडबरोबर मराठीही चालत होती. जिंकलेल्या मुलखाचा एक तुकडा पेशव्यांसाठी राखून ठेवला होता. त्यासोबत आलेल्या अटी मान्य नसल्याने दुसऱ्या बाजीरावाने तो नाकारला आणि इंग्रज व निजामाने तो आपसांत वाटून घेतला. नव्या म्हैसूरच्या उभारणीत पुण्याचा वाटा राहिला नाही. वाटा राहिला तो कंपनीच्या रेसिडेंटचा.

हा रेसिडेंट म्हैसूरचा पहिला आधुनिक पाहुणा होता आणि त्याच्यापासूनच पुढच्या पाहुणचाराचा साचा ठरला. नावाला तो दरबारातला परका वकील होता, प्रत्यक्षात त्याच्या शब्दाबाहेर जाणं राजाला परवडणारं नव्हतं. अशा माणसाला कुठे उतरवायचं? कोटात, राजवाड्याशेजारी उतरवलं तर राजाचं राजेपण उरत नाही, आणि फार लांब ठेवलं तर त्याचा मान राहत नाही. यावर दोन घरं उभी राहिली. एक कोटाबाहेर पूर्वेला, मोकळ्या बागेत. पुढे त्याला गव्हर्नमेंट हाउस म्हणू लागले. त्यातलं मेजवानीचं मोठं दालन दे हॅविलँड या लष्करी इंजिनिअरने मध्ये एकही खांब न घेता बांधलं. दुसरं घर गावापासून बरंच लांब, पश्चिमेला, हुणसूरच्या वाटेवर येलवालला. आर्थर कोल रेसिडेंट असताना, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे त्याच्यासाठी रेसिडेन्सी झाली. येलवालला जायचं तर वाट हिनकलवरूनच होती. म्हणजे शहर मागे टाकून पश्चिमेच्या मोकळ्या हवेत प्रशस्त घरात राहायचं, आणि दरबार किंवा दसरा असेल तेव्हा गाडी जोडून गावात यायचं, ही दिनचर्या या रस्त्यावर दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. दसऱ्याच्या दरबारात युरोपियनांसाठी वेगळा दिवस ठेवण्याची पद्धतही 1805 पासूनची सांगतात. मुक्काम वेगळा, दिवस वेगळा, खुर्च्यांची रांग वेगळी. पाहुण्याला मान द्यायचा आणि त्याच मानाने त्याला अंतरावरही ठेवायचं, हे कसब इथे त्या काळी तयार झालं.

1831 मध्ये या कसबाची खरी परीक्षा झाली. नगर प्रांतात शेतकऱ्यांचा उठाव झाला, तिजोरी रिकामी होती, आणि ते निमित्त करून गव्हर्नर जनरल बेंटिंकने कारभार राजाच्या हातून काढून घेतला. कमिशनरांची कचेरी बंगळूरला गेली, तिच्याबरोबर सैन्य, टपाल, हिशेब आणि नोकऱ्याही गेल्या. म्हैसुरात उरला एक पेन्शनर राजा, त्याचा वाडा आणि दसरा. इथे मराठी वाचकाला साताऱ्याची आठवण होणं स्वाभाविक आहे. प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत करून काशीला नेऊन ठेवलं. त्यांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. 1848 मध्ये शहाजीराजे वारले तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला, पाच-सहा वर्षांत नागपूरचीही तीच गत झाली. म्हैसूरच्या राजाने मात्र 1865 मध्ये घेतलेला दत्तक पुढे मान्य झाला, आणि 1881 मध्ये पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर राज्य परत मिळालं. खालसा करण्याजोगं म्हणून ज्याकडे पाहिलं जात होतं असं एवढं मोठं संस्थान परत दिल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण आहे.

यावर इतिहासकार रास्त हरकत घेतील. म्हैसूर वाचलं ते 1857 नंतर इंग्रजांचं धोरण बदललं म्हणून, डलहौसीचा खालसा करण्याचा नियम गुंडाळला गेला म्हणून, त्यात मेजवान्यांचा काय संबंध? हरकत बरोबर आहे आणि मुख्य कारण तेच आहे. पण बदललेल्या धोरणाचा फायदा घ्यायला 1857 नंतर कुणीतरी गादीवर दिसत असावं लागतं. साताऱ्याच्या राजाला त्याच्या गावापासून तोडलं होतं. कृष्णराज आपल्या गावातच राहिला, आणि सत्ता नसताना त्याने दर आश्विनात सिंहासनावर बसून दरबार भरवला. इंग्रज अधिकारी त्या दरबाराला पाहुणे म्हणून येत, नजराणे-पानसुपारी घेत आणि नकळत त्याच्या राजेपणाची साक्ष देत. 1861 च्या सुमाराला त्याने जगनमोहन महाल बांधला, तोही राजवाड्याबाहेर. तिजोरी बंगळूरला गेल्यानंतर राजाकडे खर्च करण्यासारखी जी एकच गोष्ट होती, ती त्याने खर्च केली. तिचं नाव आतिथ्य. तीस-पस्तीस वर्षं त्याने गादी लोकांच्या आणि साहेबांच्याही डोळ्यांसमोर ठेवली, आणि ही साधी करमणूक नव्हती, असं माझं मत आहे.

राज्य परत मिळालं तरी सचिवालय बंगळूरलाच राहिलं. त्यामुळे म्हैसूरला राजधानीचं नाव आणि समारंभाचं काम, अशी वाटणी कायमची झाली. 1882 पर्यंत बंगळूरहून रेल्वे आली आणि पाहुण्यांची संख्या वाढली. 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी राजवाडा जळाला. हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर नवा राजवाडा 1912 मध्ये पुरा झाला, त्याला सुमारे साडेएकेचाळीस लाख रुपये लागले. मधल्या काळात मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ दक्षिणेत पोहोचली. मुंबईने 1898 मध्ये सुधारणा मंडळ काढून दाट वस्त्या मोकळ्या करायला घेतल्या होत्या, आणि म्हैसूरने 1903 मध्ये तसंच मंडळ नेमलं. मला हा टप्पा राजवाड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, अंगण सोडून बांधलेली घरं, चौकाचौकांत पुतळे, हे जे म्हैसूर पाहायला आज माणसं येतात ते या मंडळाने घडवलं. साथीच्या भीतीतून आखलेलं शहर पाहुण्यांच्या नजरेला भुरळ घालू लागलं. ही आखणी प्रामुख्याने स्टेशनच्या पलीकडे पश्चिमेला सरकत गेली आणि तिची टोकं हळूहळू हिनकलच्या शिवाराकडे पोहोचू लागली.

चौथ्या कृष्णराजाच्या काळात पाहुणचाराला इमारतींचं पूर्ण रूप आलं. 1920 च्या सुमाराला स्टेशनजवळ मेट्रोपोल उभं राहिलं, ते महाराजांच्या इंग्रज पाहुण्यांसाठी. 1921 मध्ये शहराच्या पूर्वेला चामुंडीच्या पायथ्याशी ललित महालाचा पाया घातला गेला. त्याचे वास्तुकार ई. डब्ल्यू. फ्रिचली मुंबईचे. पांढराशुभ्र, उंच घुमटाचा हा महाल मुख्यतः व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी होता. या दोन्ही घरांची जागा नकाशावर पाहिली की येलवालची गोष्ट पुन्हा समोर येते. राजवाडा मध्ये आणि पाहुणा कडेला. त्याआधीच विश्वेश्वरय्यांनी कृष्णराजसागर धरण उभारायला घेतलं होतं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात उमेदवारी केलेल्या या माणसाने आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा खडकवासल्याला बसवले होते, ते पुढे कावेरीवर आले. धरणाचा हेतू ऊस-भात पिकवणं आणि शिवसमुद्रमच्या वीजघराला बारमाही पाणी देणं हा होता. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी त्याच्या पायथ्याशी वृंदावन बाग केली, कारंज्यांना रंगीत दिवे लावले आणि शेजारी हॉटेल ठेवलं. इथे एक मोठा बदल झाला. ललित महालात जायला निमंत्रण लागे, या बागेत यायला लागत नसे. पाहुणचार राजाच्या हातून सुटून सगळ्यांसाठी खुला होऊ लागला तो या कारंज्यांपाशी.

ज्यांच्यासाठी निमंत्रण निघत होतं त्यांत फक्त साहेब नव्हते, हेही सांगायला हवं. भास्करबुवा बखल्यांचे गुरू नत्थन खाँ म्हैसूर दरबारी होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज-म्हैसूर ये-जा सुरूच असे, आणि कर्नाटक संगीताचा जो संस्कार त्यांच्या सरगमीत दिसतो त्यामागे या मुक्कामांचा हात आहे. गौहर जान आयुष्याच्या अखेरीस म्हैसूरला आली. दरबाराने तिला दिलखुश कॉटेज राहायला दिलं आणि जानेवारी 1930 मध्ये ती इथेच वारली. किराणा गायकी ऐकताना ज्यांना दक्षिणेचा वास येतो त्यांनी म्हैसूरच्या या अतिथिगृहांचं ऋण मानलं पाहिजे. पाहुणचाराचा हिशेब केवळ खोल्यांच्या भाड्यात मांडता येत नाही, याचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत सुंदर पुरावा आहे.

आता सर्वांत गंभीर हरकतीकडे येऊ. रेसिडेन्सी, मेट्रोपोल, ललित महाल ही तर मूठभरांची घरं होती. तिथे सामान्य कुटुंबाला फाटकाच्या आतही घेतलं नसतं. मग आज मुलाबाळांसह येणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या रिसॉर्टचा वंश त्यांच्याशी कसा जोडायचा? त्याचे खरे पूर्वज म्हणजे छत्रं, धर्मशाळा आणि उडपी लोकांनी चालवलेली हॉटेलं. या म्हणण्यात खूप तथ्य आहे. म्हैसूर हे चामुंडी आणि नंजनगूडच्या यात्रेकरूंचंही गाव होतं. स्टेशनजवळचं नंजराज बहादूर छत्र आजही त्याची खूण म्हणून उभं आहे. पुढे दासप्रकाशसारख्या हॉटेलांनी स्वच्छ खोली आणि शाकाहारी जेवण परवडणाऱ्या दरात देऊन पुणे-सोलापूर-बेळगावकडच्या कुटुंबांचा संकोच घालवला. बायका-मुलं घेऊन परगावी हॉटेलात उतरणं हेच ज्या काळी धाडस होतं, त्या काळी या हॉटेलांनी दिलेला भरवसा मोठा होता. म्हणून कौटुंबिक रिसॉर्टला दोन वंश आहेत, असं मी म्हणेन. शाकाहारी-मांसाहारी वेगळं स्वयंपाकघर, एका खोलीत चौघांची सोय, आजीसाठी गरम पाणी, हे सगळं छत्र आणि उडपी हॉटेलकडून आलं. गावापासूनचं अंतर, फाटक, बाग, आणि पाहुण्याला दोन दिवस राजासारखं वागवण्याची भाषा महालाकडून आली. एक बदल मात्र दोन्ही वंशांपासून त्याला तोडतो. महालातला पाहुणा बोलावलेला असे, छत्रातल्या यात्रेकरूचा तिथे हक्क असे आणि रिसॉर्टमधला पाहुणा पैसे मोजतो. हा खरा दुभंग आहे आणि तो झाकायचं कारण नाही.

हा दुभंग कधी पडला, हे इमारती स्वतः सांगतात. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. 1973 च्या 1 नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. मराठी माणसाच्या बोलण्यात सतरा वर्षं ‘म्हैसूर’ म्हणजे बेळगाव-कारवारचा वाद, महाजन आयोग आणि सत्याग्रह होता. राज्याचं नाव बदललं आणि आपल्या भाषेत म्हैसूर पुन्हा निव्वळ गावाचं नाव झालं, सहलीचं आणि चंदनाच्या साबणाचं. पुढच्याच वर्षी, 1974 मध्ये, ललित महालाचं हॉटेल झालं आणि ते केंद्राच्या पर्यटन महामंडळाने चालवायला घेतलं. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या खोलीची किल्ली आता पैसे भरून मिळू लागली. खर्च भागवणारा राजा राहिला नव्हता, तेव्हा घरांनी स्वतःचा खर्च स्वतः भागवायचा, हा व्यवहार सगळ्या महालांना लागू झाला.

हुणसूर रस्ता याची सलग साक्ष देतो, म्हणून तो जरा जवळून पाहावा. मेट्रोपोलच्या चौकातून निघावं. हे हॉटेल ज्या रस्त्यावर आहे त्याला झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं नाव आहे, आणि पश्चिमेला हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्याला विनोबांचं. एक तांब्यांची मुलगी, एक गागोद्याच्या भाव्यांचा मुलगा. म्हैसूरने ही नावं भाषा पाहून दिलेली नाहीत, हे मला आवडतं. थोडं पुढे चेलुवांबा महाल लागतो. राजकन्येसाठी बांधलेल्या या घरात 1950 पासून अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. मग कुक्करहळ्ळीचं तळं, आणि त्याला लागून म्हैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर. थोरल्या राजकन्येचा जयलक्ष्मी विलास महाल त्याच्या आवारात आला आणि लोककलेचं संग्रहालय झाला. पुढे कलामंदिर, आणि जयलक्ष्मीपुरमला चित्तरंजन महाल. हाही राजघराण्यातल्या मुलींसाठी बांधलेला. मध्यंतरी तो प्रीमियर स्टुडिओकडे होता. या स्टुडिओत 8 फेब्रुवारी 1989 ला टिपूवरच्या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना लागलेल्या आगीत 62 जीव गेले. त्यानंतरच्या दशकात महालाची डागडुजी होऊन तिथे लहानसं हॉटेल झालं, नफा समाजकार्याला द्यायचा या तत्त्वावर चालणारं. अशा रीतीने तीन-चार किलोमीटरच्या अंतरात राजघराण्याची तीन-चार घरं भेटतात. एकात प्रयोगशाळा आहे, एकात संग्रहालय आणि एकात पाहुणे. त्यानंतर वर्तुळाकार रस्त्याचा चौक आणि उड्डाणपूल, आणि हिनकल. उड्डाणपुलावरून भरधाव जाणाऱ्याला गावातलं नन्नेश्वराचं जुनं दगडी मंदिर दिसत नाही. पण मेट्रोपोल-ललित महालाच्या कित्येक शतकं आधी या शिवारात वस्ती, पूजा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकायला ओटा होता, याचा तो पुरावा आहे. हुणसूरचं कातडं आणि अमृतमहाल जातीची जनावरं, कोडगूची कॉफी, सारं याच वाटेने शहरात येत असे.

हिनकलपासून पुढे येलवाल आहे आणि तिथे या रस्त्याच्या इतिहासातली सर्वांत उदात्त घटना घडली. 1957 च्या सप्टेंबरात, 21 आणि 22 तारखेला, विनोबांच्या ग्रामदान चळवळीचा विचार करायला तिथे परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान नेहरू आले, जयप्रकाश होते, आणि केरळातले कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपादही होते. देशाच्या राजकारणात एरवी एकमेकांसमोर न बसणारी माणसं पायी फिरणाऱ्या एका मराठी साधूच्या शब्दाखातर एकत्र बसली आणि जमीन गावाची व्हावी या विचाराला त्यांनी पाठिंबा दिला. त्याच गावात कधी काळी जिंकलेल्या राज्यावर देखरेख ठेवणारा रेसिडेंट राहत होता. दीडशे वर्षांच्या आत त्याच परिसरात आलेल्या पाहुण्याने जमिनीची मालकी सोडण्याची भाषा केली.

ही परिषद इथे आणायचं कारण असं की, रिसॉर्टबद्दलचा खरा प्रश्न जमिनीचा आहे. हिनकलच्या लगत विजयनगरची प्रचंड वसाहत उभी राहिली. 1988 मध्ये जुन्या सुधारणा मंडळाची जागा नगरविकास प्राधिकरणाने घेतली. 2005 पासून जवळच्या हेब्बाळला इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. 2020 मध्ये हिनकल, हूटगळ्ळी आणि आसपासची गावं मिळून नगरपरिषद झाली. या टप्प्यांनी नाचणी-भाताचं शिवार भूखंडांमध्ये मोजलं जाऊ लागलं. म्हणून कुणी म्हणेल की रिसॉर्टचं स्पष्टीकरण याच वीस-तीस वर्षांत आहे, मागे 1799 पर्यंत जायची गरज काय? माझं उत्तर असं आहे की पैसा आणि महामार्ग हे कधी आणि किती याचं स्पष्टीकरण देतात, कुठे आणि कोणत्या रूपात याचं देत नाहीत. देशातल्या पुष्कळ शहरांभोवती वर्तुळाकार रस्ते झाले, सगळीकडे अशी मुक्कामाची परंपरा झाली नाही. ज्या दिशेला रेसिडेन्सी होती, राजकन्यांचे महाल होते, सुधारणा मंडळाच्या वसाहती गेल्या, त्याच दिशेला शहर मोकळं राहिलं, तिथली हवा चांगली म्हणून नावाजली गेली, आणि पाहुण्यांना उतरवण्याची लोकांना सवय झाली. घर कुठल्या बाजूला चांगलं, याबद्दलची शहराची समजूत शे-दीडशे वर्षांत घट्ट होते. रिसॉर्टचा मालक आणि प्रवासी दोघेही तीच समजूत वापरतात, त्यांना ती जुनी आहे याचा पत्ता असो वा नसो.

आणखी एक पुरावा म्हैसूरच्या दक्षिणेकडच्या रानात आहे. काकनकोटेच्या जंगलात महाराजांच्या मोठ्या पाहुण्यांसाठी खेड्डा होत असे. शेकडो माणसं हाकारा घालून रानटी हत्तींचे कळप नदीकडे आणि तिथून कुंपणात ढकलत, आणि इंग्लंडचे राजपुत्रसुद्धा ते बघायला येत. महाराजांचा शिकारी मुक्काम कबिनीकाठी कारापूरला होता. 1970च्या दशकात कबिनीच्या धरणात खेड्ड्याची जागा बुडाली. 1980 मध्ये राज्य सरकारने वनपर्यटनासाठी जंगल लॉजेस ही कंपनी काढली आणि कारापूरच्या त्याच शिकारी बंगल्यात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. कर्नाटकातल्या रिसॉर्टच्या धंद्याने पहिले धडे राजाच्या शिकारखान्यात गिरवले, असं म्हटलं तर ते वावगं ठरू नये. केंद्राच्या महामंडळाने अलीकडे ललित महाल राज्याच्या हवाली केला, तेव्हा तो चालवायला याच कंपनीकडे आला. जो शिकारी बंगला आणि जो महाल एकाच महाराजाच्या पाहुण्यांसाठी होते, ते आज एकाच सरकारी कंपनीच्या दरपत्रकात शेजारी शेजारी आहेत. हिनकल परिसरातल्या खासगी रिसॉर्टची स्पर्धा आहे ती या दरपत्रकाशी. ही रिसॉर्ट पाहुण्याला देऊ करतात ते याच दोन नमुन्यांचं, कुटुंबाला परवडेल असं रूप.

हे मान्य केलं तर सहलीच्या कार्यक्रमातही एक दुरुस्ती सुचते. हुणसूर रस्त्यावर मुक्काम करणारं मराठी कुटुंब सकाळी बसमध्ये बसून पूर्वेला राजवाड्याकडे जातं आणि संध्याकाळी परत येतं. मुक्कामाच्या वाटेवर असलेला जयलक्ष्मी विलास, गावातलं नन्नेश्वराचं मंदिर आणि पलीकडचं येलवाल त्यांच्या कार्यक्रमात नसतं. यातल्या एकाही ठिकाणी जायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. रिसॉर्ट चालवणाऱ्यांनी ही तीन नावं आपल्या स्वागतकक्षातल्या फलकावर लिहावीत आणि सहल आखणाऱ्यांनी उटीला निघण्याआधीची एक सकाळ त्यांना द्यावी. विनोबांची गीताई ज्यांच्या घरात आहे अशा माणसांना तरी येलवालच्या पाटीपाशी उतरवायला हवं.